चकरा मुलांनी का माराव्यात?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि हजारो माणसे रेल्वे रुळांवर उतरली. लोकल तासन्तास बंद पडल्या. तो संताप खरा होता, योग्यही होता. पण त्या गर्दीतून सर्वांत मोठ्याने उठणारी मागणी एकच होती : फाशी. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने आरोपी मेला आणि अनेकांनी न्याय झाला असे म्हणून विषय मिटवला. त्याच प्रकरणात मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात तासन्तास ताटकळावे लागले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना याबद्दल खडे बोल सुनावले. लोकांनाही त्याचा राग आला होता, पण तो फाशीच्या घोषणेत विरून गेला. पुढच्या मुलाच्या पालकांना असे ताटकळावे लागू नये यासाठी काय करायचे, हा प्रश्न रुळांवरून घरी परतताना कुणी सोबत नेला नाही.

या विषयावर जे मत आपल्याकडे वजनदार समजले जाते, ते असे : मुलांसाठी वेगळी केंद्रे, समुपदेशक, रंगवलेल्या भिंती, खेळणी हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्याला कडक कायदा आणि झटपट शिक्षा हवी. त्याच्या जोडीला आणखी काही आक्षेप येतात. अशा केंद्रांत मुलांना पढवले जाते. आरोपीचा बचावाचा हक्क मारला जातो. सखी केंद्रे, बाल कल्याण समित्या आहेतच, मग नवे कशाला? पोक्सोचे, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, निम्मे गुन्हे प्रेमप्रकरणांचेच असतात. यातला प्रत्येक मुद्दा गंभीरपणे मांडला जातो, म्हणून प्रत्येकाला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे आहे की अत्याचार झालेल्या मुलाने यंत्रणेकडे चकरा मारायच्या नाहीत, यंत्रणेने मुलाकडे यायचे. मुलाने आपली हकीकत शक्यतो एकदाच, एकाच ठिकाणी, ऐकण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला सांगायची. हे जमले नाही तर कायद्याच्या पुस्तकात शिक्षा कितीही कडक लिहा, ती आरोपीपर्यंत पोचणार नाही.

आज काय होते ते आधी पाहू. आठ वर्षांची मुलगी आईला काहीतरी सांगते. आई तिला घेऊन ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार विचारतो, काय झाले? मग महिला अधिकारी येईपर्यंत बाकावर बसायचे आणि ती आली की पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. तपास दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत गेला तर तिथल्या अधिकाऱ्यापुढे तिसऱ्यांदा. मग सिव्हिल हॉस्पिटल. केसपेपर काढणारा विचारतो, अपघात विभागातला डॉक्टर विचारतो, मग स्त्रीरोग विभागातली डॉक्टर हिस्टरी घेते. पुढे बाल कल्याण समिती. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, ज्याला नवी संहिता आल्यावरही कोर्टाच्या आवारात सगळे जुन्या कलमावरून ‘एकशे चौसष्टचा’ म्हणतात. मधेच घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी तिने तीच जागा पुन्हा दाखवायची. हे सगळे होऊन गेल्यावर, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा, विशेष न्यायालयात सरतपासणी आणि उलटतपासणी. तोवर तिची शाळा बदललेली असते, घर बदललेले असते. जे विसरण्याचा ती जिवापाड प्रयत्न करत असते तेच तिला तपशीलवार आठवायला सांगितले जाते.

यातला प्रत्येक जबाब वेगळ्या माणसाने, वेगळ्या कामासाठी, वेगळ्या शब्दांत लिहिलेला असतो. सहा वर्षांचे मूल ‘सदर इसमाने’ असे बोलत नाही, पण कागदावर तेच येते. नंदुरबारचे मूल भिलीत बोलते, मेळघाटातले कोरकूत, भामरागडचे माडियात. कागद मात्र सगळे सरकारी मराठीत असतात. मग बचाव पक्षाचा वकील हे कागद शेजारी शेजारी ठेवतो. इथे दुपार लिहिले आहे, तिथे संध्याकाळ. इथे काका, तिथे शेजारी. लिहिणाऱ्यांतला फरक मुलाच्या खोटेपणाचा पुरावा ठरतो.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात वैद्यकीय तपासणीत बहुतेकदा काहीच सापडत नाही. कित्येक प्रकारांत मुळात जखम होतच नाही, झाली तर लवकर भरून येते आणि मूल बोलते तेव्हा अनेकदा काही महिने उलटून गेलेले असतात. साक्षीदार नसतो. अशा वेळी मुलाचा शब्द हाच मुख्य पुरावा असतो. रक्ताचा नमुना घेतला की आपण त्यावर सील लावतो, तो थंड ठेवतो, कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद ठेवतो आणि थेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचवतो. मुलाचा शब्द मात्र आठ हातांतून, आठ खोल्यांतून, उघड्यावर फिरवतो आणि शेवटी तो डागाळला म्हणून टाकून देतो. बालस्नेही सेवा म्हणजे हा पुरावा जपण्याची रीत आहे. तिला लाड म्हणणाऱ्यांनी एकदा तरी निर्दोष सुटकेचा निकाल पूर्ण वाचावा आणि त्यात ‘विसंगती’ हा शब्द किती वेळा येतो ते पाहावे.

आता फाशीकडे वळू. कायदा पुरेसा कडक नाही, ही तक्रार २०१९ नंतर टिकत नाही. त्या वर्षीच्या दुरुस्तीने पोक्सोतील सर्वांत गंभीर गुन्ह्यासाठी किमान वीस वर्षे आणि कमाल फाशी ठेवली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले. त्यातही फाशी होती आणि तीस दिवसांत तपासाची अट होती. ते कधी अंमलात आले नाही. पण समजा आले असते, तरी काय बदलले असते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दर वर्षी सांगते की पोक्सोतील लैंगिक आक्रमणाच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, शिकवणीचा मास्तर, रिक्षावाला, मामा, आजोबा, बाप. आता त्या घराचा विचार करा. मुलीने तोंड उघडले तर तिचा काका फासावर जाणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजी काय म्हणेल? आईवर किती दडपण येईल? कमावता माणूस तोच असेल तर? फाशीची भीती गुन्हेगाराआधी मुलाच्या घरातल्या माणसांना वाटते आणि ती माणसे मुलाचे तोंड बंद करतात. शिवाय बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल तर एकुलत्या साक्षीदाराला जिवंत ठेवण्याचे कारण गुन्हेगारापुढे उरत नाही, हे कायद्याचे अभ्यासक कितीदा सांगून थकले.

शिक्षेची भीती बसते ती शिक्षा होण्याच्या खात्रीने. ती खात्री येते तक्रार वेळेवर झाल्याने, जबाब नीट घेतल्याने, नमुने वेळेत गोळा केल्याने आणि फिर्यादी व मूल शेवटपर्यंत टिकल्याने. ठाण्यात बाकावर बसलेली आई रात्री उठून घरी गेली, तर फाशीची तरतूद कुणासाठी वापरणार? कोर्टाच्या तिसऱ्या तारखेला बापाने रोजंदारी बुडते म्हणून यायचे सोडले, आरोपीच्या नातलगांनी जमिनीचा वाद पुढे करून समेट घडवला आणि मूल ‘मला काही आठवत नाही’ म्हणाले, की खटला संपला. कागदावर लिहितात, साक्षीदार फितूर. त्या कुटुंबाला या काळात सोबत कुणाची होती, हे मात्र कुणीच लिहीत नाही.

दुसरा आक्षेप पढवण्याचा. न्यायालयात तो रोज घेतला जातो आणि तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ मध्ये सुरू झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांत सूचक प्रश्न होते, उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारणे होते, हवे ते उत्तर दिल्यावर शाबासकी होती. १९९० मध्ये एकाही आरोपीला शिक्षा न होता प्रकरण संपले. मुलाला चुकीच्या पद्धतीने विचारले तर सत्य आणि असत्य दोन्ही गढूळ होतात, हा धडा तिथून जगाला मिळाला. त्या धड्यातूनच मुलाखतीची शास्त्रीय पद्धत बांधली गेली. मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जी रूपरेषा तयार केली तिचा गाभा साधा आहे. आधी मुलाशी ओळख करून घ्यायची. ‘ठाऊक नाही’ असे म्हणायला हरकत नाही, हे त्याला पटवून द्यायचे. मग ‘काय झाले ते मला सगळे सांग’ असे म्हणून गप्प बसायचे आणि ऐकायचे. त्याने हात लावला का, असे विचारायचे नाही.

आता आजच्या आपल्या वाटेकडे पाहा. आठ ठिकाणी आठ अप्रशिक्षित माणसे ‘कुठे हात लावला? इथे का? किती वेळा?’ असे विचारतात. पढवण्याचा धोका अधिक कुठे आहे, या रांगेत की एका खोलीत, एका प्रशिक्षित व्यक्तीने, चित्रीकरणासह घेतलेल्या एका मुलाखतीत? त्या चित्रीकरणात मुलाखतकाराचा प्रत्येक प्रश्न ऐकू येतो. त्याने सूचक प्रश्न विचारला तर आरोपीचा वकील तो बोट ठेवून दाखवू शकतो. हवालदाराने बंद दाराआड काय विचारले ते कोण दाखवणार? पढवणीची खरीखुरी भीती वाटणाऱ्याने अशा केंद्रांची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

तिसरा आक्षेप आरोपीच्या हक्कांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण निर्दोष माणसाला शिक्षा झाली तर मुलालाही न्याय मिळालेला नसतो. याचे उत्तर आइसलँडने दिले आहे. रेक्याविकमध्ये १९९८ साली ब्रागी गुडब्रांडसन यांच्या पुढाकाराने ‘बार्नाहूस’, म्हणजे मुलांचे घर, सुरू झाले. एका खोलीत मूल आणि मुलाखतकार असतात. शेजारच्या खोलीत पडद्यावर न्यायाधीश, पोलीस, सरकारी वकील, बालसंरक्षण अधिकारी, मुलाचा वकील आणि आरोपीचा वकीलही ती मुलाखत बघतात. आरोपीच्या वकिलाला काही विचारायचे असेल तर तो प्रश्न मुलाखतकारामार्फत मुलाच्या भाषेत मुलापर्यंत जातो. मुलाखत चित्रित होते आणि तीच न्यायालयात पुरावा म्हणून चालते. त्याच घरात वैद्यकीय तपासणी होते, पुढचे मानसिक उपचारही तिथेच मिळतात. आरोपीला प्रश्न विचारण्याची संधी मिळते आणि तीही घटनेच्या जवळच्या काळात, आठवण ताजी असताना. दोन वर्षांनी गोंधळलेल्या मुलाची उलटतपासणी घेण्यापेक्षा निर्दोष आरोपीलाही यात अधिक खात्री आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांनी पुढे हीच वाट धरली. अमेरिकेत त्याआधीच, १९८५ मध्ये, अलाबामातील हंट्सव्हिलमध्ये बड क्रेमर या सरकारी वकिलाने मुलांसाठी असे केंद्र उभे केले होते. खटले चालवणाऱ्या माणसालाच त्याची गरज आधी जाणवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या कायद्यात याला जागा आहे का? आहे आणि ती भरपूर आहे. बालदिनी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, अंमलात आलेला पोक्सो कायदा म्हणतो की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा. घेणारी शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी असावी आणि ती गणवेशात नसावी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, विश्वासातल्या माणसासमोर करायची. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे. न्यायालयात प्रश्न थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मुलाला वारंवार बोलवायचे नाही, आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल. २०२० च्या नियमांनी सोबतीसाठी साहाय्यक व्यक्तीची तरतूद केली, तातडीच्या खर्चासाठी मदत ठेवली, रुग्णालयाने पोलिसांचे पत्र मागू नये असे बजावले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये साहाय्यक व्यक्तीचा प्रश्न पालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे सांगितले.

आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत असे लिहिले की अपंग पीडित व्यक्तीचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा चित्रित जबाब हाच न्यायालयात सरतपासणी म्हणून धरावा. पुढे फक्त उलटतपासणी व्हावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही हे कायम ठेवले. जी सवलत अपंगांना देताना न्यायाचे काही बिघडले नाही, ती बालकांना द्यायला काय अडचण आहे? कायद्यात एका ओळीची दुरुस्ती केली, तर मुलाचा एक संपूर्ण फेरा वाचतो.

चौथा आक्षेप : हे सगळे आहेच की. होय, तुकड्या-तुकड्यांत आहे आणि दुखणे तेच आहे. बाल कल्याण समिती आहे, विशेष बाल पोलीस पथक आहे, प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नुकसानभरपाईसाठी राज्याची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे. प्रत्येकाचे कार्यालय वेगळे, वेळ वेगळी, अर्ज वेगळा आणि हकीकत विचारण्याची पाळी प्रत्येकाची. यांना एकत्र बसवण्याची जबाबदारी कुणा एका माणसावर नाही. परिणाम असा की त्यांच्यात समन्वय साधणारी एकमेव व्यक्ती म्हणजे त्या मुलाची आई, जिच्याकडे त्या वेळी उभे राहण्याचेही बळ नसते.

२०१५ पासून निर्भया निधीतून सुरू झालेली सखी केंद्रे या बाबतीत उपयोगी पडू शकतात, पण त्यांची आखणी प्रामुख्याने हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी झाली. अठरा वर्षांखालच्या मुली तिथे जाऊ शकतात. मुलगे मात्र त्या चौकटीत बसत नाहीत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले आणि असे सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. मग त्या मुलग्यांनी जायचे कुठे? कुलाब्यातल्या अँकरेज आश्रयगृहातल्या मुलांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये आरोपींना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मुलांच्या साक्षी नाकारून त्यांना सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा लागू केली. दहा वर्षे गेली. जी मुले बोलली ती तोवर मोठी झाली होती. त्यांनी दहा वर्षे आपण खरे बोललो की नाही याचा निकाल येण्याची वाट पाहिली.

न्यायालयांतल्या सोयींचेही असेच आहे. दिल्लीत कडकडडूमा न्यायालयात २०१२ मध्येच असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात अशी केंद्रे उभारायला सांगितली आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमली. हे स्वागतार्ह आहे. पण न्यायालयातला पडदा आणि सोफा हा प्रवासाचा शेवट झाला. मूल तिथवर पोचेपर्यंतच्या सात खोल्यांचे काय?

पाचवा आक्षेप पैशाचा आणि परकेपणाचा. हे परके आहे असे म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयाकडे पाहावे. तिथे २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हिंसा सोसलेली बाई आधी दवाखान्यातच येते, म्हणून मदतही दवाखान्यातच हवी, हा विचार इथल्या मातीतला आहे. पुढे तो महापालिकेच्या इतर रुग्णालयांत गेला. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि देशभर पसरली. गोव्याने फ्रेडी पीट्सच्या भयंकर बालअत्याचार प्रकरणानंतर धडा घेतला आणि पोक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्ये, स्वतःचा बाल कायदा करून वेगळे बालन्यायालय आणले. हैदराबादच्या पोलिसांनी २०१६ मध्ये ‘भरोसा’ केंद्र सुरू केले. पोलीस, समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला एका छताखाली आले आणि मग त्याला जोडून बालस्नेही न्यायालयही आले. आपल्या शेजारच्या राज्यातल्या पोलिसांना जे जमले ते आपल्याला का जमू नये, याचे उत्तर गृहखात्याने द्यावे.

आणि पैसा? नव्या इमारती कुणीही मागत नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. जिल्हा आहे तिथे सरकारी रुग्णालयही आहे. त्यातल्या तीन खोल्या, चांगले ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण, चोवीस तास उपलब्ध असलेला प्रशिक्षित मुलाखतकार, समुपदेशक, दिवसाच्या वेळी बसणारा पोलीस अधिकारी आणि विधी साहाय्याचा वकील एवढेच लागते. यातली बहुतेक पदे आजही कुठल्या ना कुठल्या खात्याच्या पटावर आहेत. ती एकत्र आणायची आहेत. खर्चाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पूर्ण मांडावा. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या तारखा, निर्दोष सुटलेला आणि पुढच्या मुलाकडे वळलेला गुन्हेगार, शाळा सोडलेले आणि आयुष्यभर नैराश्याशी झगडणारे माणूस, हा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात धरला आहे?

सहावा आक्षेप : पोक्सोचे निम्मे गुन्हे पळून गेलेल्या जोडप्यांचे असतात. निम्मे हे खरे नाही, पण प्रश्न खरा आहे. ‘एनफोल्ड’ संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या विशेष न्यायालयांचे २०१६ ते २०२० या काळातले सात हजारांहून अधिक निकाल तपासले, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा प्रेमसंबंधांच्या प्रकरणांचा निघाला. सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाने रागाने दाखल केलेली तक्रार आणि सात वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार आज एकाच रांगेत उभे राहतात. दोघींनाही तीच तपासणी, तेच ठाणे, तोच बाक. पण याचा निष्कर्ष काय काढायचा? पहिल्या दिवशी जाणत्या माणसाचे त्या मुलीशी एकांतात, तिच्या घरच्यांच्या धाकाबाहेर बोलणे झाले तर कुठली मुलगी संकटात आहे, कुठल्या मुलीला घरच्यांपासूनच संरक्षण हवे आहे, हे लवकर कळते. त्यासाठीही असे केंद्रच हवे. सतरा वर्षांच्या मुलीची संमती कायद्याने किती मानावी, हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. पण त्या वादाची ढाल करून सात वर्षांच्या मुलीला बाकावर बसवून ठेवता येणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे, तिला थेट विरोध करायला हवा. ती अशी की न्याय म्हणजे आरोपीचे काय झाले ते. मुलाचे काय झाले हा दयेचा, सेवाभावाचा विषय. म्हणून शिक्षेची बातमी पहिल्या पानावर येते आणि समुपदेशकाचे पद वर्षभर रिकामे राहिल्याची बातमी कुठेच येत नाही. म्हणून आमदार विधानसभेत फाशीची मागणी करतात, पण आपल्या जिल्ह्यात किती मुलांना साहाय्यक व्यक्ती मिळाली, हा प्रश्न विचारत नाहीत. मुलाला झोप लागते का, ते शाळेत परत गेले का, एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध बहात्तर तासांच्या आत त्याच्या पोटात गेले का, हेही न्यायाचेच प्रश्न आहेत. आरोपी सुटो वा अडको, त्या मुलाला अजून साठ-सत्तर वर्षे जगायचे आहे.

म्हणून मागण्या नेमक्या करायला हव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुलींसाठी आणि मुलग्यांसाठी, चोवीस तास चालणारे एक केंद्र. त्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्याकडे आणि गृह, आरोग्य, महिला-बालविकास व विधी या चारही खात्यांचा त्याच्याशी लेखी करार. तक्रार तिथेच नोंदवायची. हद्दीचा वाद पोलिसांनी आपसांत मिटवायचा. मुलाखत एकदाच, चित्रित आणि दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत. ती सरतपासणी म्हणून धरता यावी यासाठी कायद्यात दुरुस्ती. पहिल्या दिवसापासून निकालानंतर वर्षभरापर्यंत एकच साहाय्यक व्यक्ती, जिला वेळेवर मानधन मिळेल. आदिवासी जिल्ह्यांत त्या-त्या भाषेचे दुभाषे आधीपासून यादीवर. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करायचे की किती मुले आली, किती वेळा त्यांना जबाब द्यावा लागला, किती दिवसांत साक्ष झाली, किती कुटुंबे मध्येच गळाली.

पुढच्या वेळी कुठल्याही गावात, शहरात असे काही घडले आणि लोक रस्त्यावर आले तर त्यांनी यावेच. पण तिथे उभे राहून जिल्हाधिकाऱ्यांना, पोलीस अधीक्षकांना आणि पालकमंत्र्यांना एकच प्रश्न विचारावा : या मुलाला आजपर्यंत किती ठिकाणी जावे लागले? उत्तर एकाहून अधिक असेल तर त्यांना जागचे हलू देऊ नये. गुन्हेगाराला शिक्षा न्यायालय देईल, पण मुलाला दारोदार फिरवणे थांबवण्यासाठी कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. ते राज्य सरकारच्या हातात आहे आणि ते उद्या सकाळीही सुरू करता येईल.